हमीदभाईंनी रंगवलेली भिंत

भिंतीवर काय टांगायचं हे गिऱ्हाईक ठरवतं, फ्रेमवाल्यानं फक्त माप घ्यायचं. आमच्या धंद्याचा हा पहिला नियम मी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या कारखान्यात काउंटरवर बसायला लागले त्याच आठवड्यात मोडला. एक उंचपुरे अरब गृहस्थ आले आणि त्यांनी काउंटरवर एक दोर ठेवला. शर्यतीतल्या उंटिणीच्या तोंडाला बांधायचा जुना दोर. मळकट, तेलकट, आणि वास असा की शेजारच्या गॅरेजमधलं ग्रीस त्यापुढे अत्तर. मी नाशिकची, आईनं घासूनपुसून वाढवलेली. म्हटलं, "साहेब, धुऊन आणला असता तर बरं झालं असतं." ते रागावले नाहीत. "सिस्टर, धोएंगे तो वो चली जाएगी," एवढंच म्हणाले. ती म्हणजे उंटीण, गेल्याच महिन्यात मेलेली.

तो दोर आम्ही काचेच्या खोल पेटीत बसवला, न धुता. तेव्हा मला ते श्रीमंतांचे चोचले वाटले होते. पण वर्षं गेली तशी लोकांनी काय काय आणून माझ्यापुढे ठेवलं. एका नर्सबाईंनी इथे येतानाच्या विमानाचा बोर्डिंग पास आणला, एका क्रेन ड्रायव्हरनं मुलीच्या पहिल्या शाळेची टाय आणली. दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर घरात सगळ्यांनी हेच सुचवलं की गमतीदार गिऱ्हाइकांवर लिही. लिहिणार होते. पण लिहायला बसले की त्या सगळ्यांना बाजूला सारून एकच गिऱ्हाईक पुढे येतं, तेव्हा म्हटलं, चला, रूथबाईंवरच लिहूया.

आधी कारखान्याची ओळख करून देते. मालक हमीदभाई, रायगडमधल्या म्हसळ्याचे. सुतारकामाला म्हणून आले आणि फ्रेमवाले होऊन बसले. त्यांची बायको, सकिनाभाभी, गावी. कारखान्यात कापणं-जोडणं हमीदभाई करायचे आणि काउंटर, हिशेब, बँक, भांडणं हे सगळं माझ्याकडे. मी दुबईतल्या कुसैसला राहते, शारजाच्या हद्दीपासून जवळच. सगळं जग सकाळी शारजाहून दुबईकडे रांगा लावून येतं, तेव्हा मी रिकाम्या बाजूनं शारजाला जायचे आणि समोरून येणाऱ्या गाड्यांकडे बघून मनातल्या मनात खूश व्हायचे.

फ्रेम म्हणजे चार पट्ट्या. लांबलचक पट्टीचे चार तुकडे तिरके कापायचे आणि कोपऱ्यांत जोडायचे, बस. तीन कोपरे कोणालाही जमतात. कापण्यात केसभर जरी चूक झाली असली तरी ती सगळी गोळा होऊन चौथ्या कोपऱ्यात फट होऊन बसते. म्हणून फ्रेमवाला दुसऱ्याच्या घरी गेला की चित्र बघत नाही, कोपरे बघतो. हमीदभाईंना तर सवयच लागली होती. लग्नाच्या हॉलमध्ये नवरा-नवरीच्या मागे लावलेल्या चौकटीच्या कोपऱ्यावरून बोट फिरवताना मी त्यांना पाहिलंय. आणि फ्रेम तयार झाली की गिऱ्हाइकापुढे धरून त्यांचं ठरलेलं वाक्य असायचं, "चारों कोना बराबर है, देख लो."

रूथबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत एक छोटं तैलचित्र. सत्तरीच्या पुढच्या, बारीक चणीच्या, पांढरे केस मुलासारखे कापलेले. अमेरिकेतल्या ओहायोच्या एका छोट्या गावातल्या. नवरा गेल्यावर मुलाकडे आल्या होत्या. मुलगा इथे विमानाच्या इंजिनांच्या कामात, राहायला दुबईच्या दुसऱ्या टोकाला, डिस्कव्हरी गार्डन्सला. हमीदभाईंनी चित्र हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"मॅडम, ये बाल्टी है?"

"येस. बकेट."

"किसका बाल्टी?"

"वॉचमन्स. एसीचं पाणी पडतं ना, त्याच्या खाली ठेवलेली." त्या बोलायच्या इंग्रजीत. मी इथून पुढे त्यांचं बोलणं बहुतेक मराठीतच लिहिणार आहे, कारण माझ्या आठवणीत ते आता मराठीतच आहे.

खरोखरच बादली होती. निळी प्लास्टिकची, कडी एका बाजूनं निखळलेली, ती वायरनं बांधलेली. आत थोडं पाणी आणि पाण्यात एसीच्या पाइपाची सावली. हमीदभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. इतके महाग रंग आणि बादली? पण गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. हमीदभाईंनी सोनेरी नक्षीची, चांगली मनगटाएवढी जाड पट्टी काढली. बादलीचं काहीतरी भलं व्हावं हाच त्यांचा हेतू.

रूथबाई हसल्या आणि ती पट्टी बाजूला ठेवून अगदी साधी, अरुंद, बिनपॉलिशची पट्टी त्यांनी निवडली. "फ्रेमकडे लक्ष गेलं तर चित्र हरलं," म्हणाल्या. हमीदभाईंना मी हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. आयुष्यभर ज्याच्यावर हात चालवला ती वस्तू कोणाच्या डोळ्यांत भरू नये असं ऐकायला कोणाला आवडेल? पण बाई पुढच्या महिन्यात परत आल्या, एक झाडू घेऊन, म्हणजे झाडूचं चित्र घेऊन. मग बिल्डिंगच्या गच्चीवरची डिश अँटेना. मग खुबुसच्या, म्हणजे अरबी रोटीच्या, रिकाम्या पिशवीवर ठेवलेला कांदा. आम्ही त्यांना आपापसांत 'बादलीवाली बाई' म्हणायला लागलो आणि त्यांची वाट बघायलाही लागलो.

चहाच्या कपावर हळूहळू त्यांचं आयुष्य कळलं. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. छोटी रूथ दुकानात बसून खाकी कागदावर बिजागऱ्या, कुलपं, खिळे काढायची. पुढे चित्रकलेच्या कॉलेजात गेल्या तेव्हा तिथे रंगांचे फटकारे मारायची लाट आलेली. वस्तू दिसते तशी काढणारा म्हणजे मागासलेला. सरांनी वर्गात विचारलं, कॅमेरा असताना तुझी गरज काय? उत्तर सुचलं नाही, म्हणून त्या शाळेत चित्रकला शिकवायला लागल्या आणि घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चित्रं काढत राहिल्या. कधीतरी प्रदर्शन, कधीतरी एखादं चित्र गावातल्या दातांच्या डॉक्टरकडे. त्यांच्या म्हातारपणी लोक पुन्हा असल्या चित्रांकडे वळले, कोणी त्यांच्यावर चार शब्द लिहिले, तेव्हा त्यांना विचारलं म्हणे, इतकी वर्षं मागे पडल्यासारखं वाटलं नाही का? "मी मागे नव्हते पडले," रूथबाई मला म्हणाल्या. "मी तिथेच बसून होते. बाकीचे येत-जात होते."

मला ते फार आवडलं. मीही वीस-बावीस वर्षं एकाच काउंटरवर बसून होते.

मग एक दिवस त्यांनी दोन गोष्टी एकदमच सांगितल्या. एक, त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. उजवा डोळा जवळजवळ गेला होता, डावा त्याच वाटेवर होता. या आजारात कडेचं दिसतं आणि मधलं पुसलं जातं. समोरच्याच्या चेहऱ्याकडे सरळ बघितलं की चेहराच नाहीसा होतो, खांदे आणि केस राहतात. इंजेक्शनं चालू होती, पण त्यानं वेग कमी होतो इतकंच. दुसरी गोष्ट म्हणजे मुलाची बदली झाली होती. मार्चअखेर ते दोघं अमेरिकेला परतणार होते. त्याआधी त्यांना एक मोठं चित्र करायचं होतं, शेवटचं. आमच्या कारखान्याचं, आणि त्यात कामाच्या स्टुलावर बसलेल्या हमीदभाईंचं.

"माझं?" हमीदभाई म्हणाले. "शैलाताई, त्यांना सांगा, माझा काय फोटो काढायचा. बादली बरी." पण त्या संध्याकाळी त्यांनी म्हसळ्याला फोन लावून सकिनाभाभींना बातमी दिली, आणि ती मोठ्या आवाजात दिली. हमीदभाईंचंही इथलं आवरत आलं होतं. गुडघे कुरकुरत होते, मुलं बोलावत होती, एप्रिलमध्ये कारखाना दुसऱ्याला देऊन ते कायमचे गावी निघणार होते. त्यामुळे त्यांनाही ते चित्र हवंच होतं, तोंडानं काहीही म्हणोत.

ऑक्टोबर संपता संपता काम सुरू झालं. मुलगा त्यांना मेट्रोत बसवून द्यायचा, मी कुसैसच्या स्टेशनवरून गाडीत घ्यायचे. सकाळी समोरच्या गोदामाच्या पत्र्यावर ऊन पडतं आणि तिथून उजेड परतून आमच्या शटरमधून आत येतो. तो उजेड त्यांना हवा होता, तेवढाच वेळ. जमिनीवर त्यांनी चिकटपट्टीच्या खुणा केल्या. इथे त्यांच्या स्टुलाचे पाय, इथे हमीदभाईंचे. रोज त्याच जागी बसायचं, तोच निळ्या चौकड्यांचा शर्ट घालायचा. शर्ट रोज धुवायचा आणि तोच घालायचा म्हणून हमीदभाई कुरकुरले. ब्रश हात लांब करून धरायचा, एक डोळा मिटायचा आणि मापं घ्यायची, ही त्यांची पद्धत. पहिल्या दिवशी हमीदभाई मला हळूच म्हणाले, "नेम धरतायत काय?"

आणि त्यांनी सुरुवात कशानं केली? भिंतीनं. हमीदभाईंच्या मागची भिंत. मी त्या भिंतीकडे कधी पाहिलंच नव्हतं. खिळ्यांना टांगलेल्या हत्यारांच्या मागे त्यांच्या सावल्यांसारखे फिकट आकार उमटलेले होते. सरसाचे ओघळ होते. पेन्सिलीनं लिहिलेले फोन नंबर होते. आणि मधोमध, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, एक गोल तेलकट डाग. जेवल्यावर हमीदभाई रोज भिंतीला डोकं टेकून दहा मिनिटं डोळे मिटायचे, खोबरेल लावलेलं डोकं, इतकी वर्षं. रूथबाई त्या डागापाशी आठवडाभर होत्या. चित्रात तो असा उतरला की बोट लावलं तर बोटाला तेल लागेल. माणूस अजून कोरा होता, पांढऱ्या कॅनव्हासवर नुसती कोळशाची रेघ, पण भिंत पूर्ण झाली. नोव्हेंबर संपला.

त्याच वेळी माझ्या भाच्याचं लग्न निघालं आणि मी नाशिकला गेले. इथल्या नॅशनल डेची सुट्टी जोडून आली होती, त्यामुळे रूथबाईंनाही मधले चार-पाच दिवस विश्रांती. मी परतले त्या सकाळी स्टेशनवरून त्यांना घेऊन कारखान्यापाशी गाडी थांबवली, आणि दार उघडलं तेव्हाच मला वास आला. ताज्या रंगाचा.

आत भिंत पांढरीशुभ्र. खिळे काढलेले, भोकं पुट्टीनं बुजवलेली, हत्यारं खोक्यात. आणि तिच्यापुढे, बरोबर चिकटपट्टीच्या खुणांवर पाय ठेवून, हमीदभाई बसलेले. नवा कोरा क्रीम रंगाचा शर्ट, पाकिटातून काढल्याच्या घड्या छातीवर तशाच. दाढीला मेंदी. हातात मोबाइल, त्यावर व्हिडिओ कॉलवर सकिनाभाभी, नटून बसलेल्या, बाईंची प्रतिक्रिया बघायला.

"मॅडम, गुड मॉर्निंग," हमीदभाई म्हणाले. "सी. न्यू वॉल. टू कोट. आय डू, मायसेल्फ." आणि अभिमानानं जमिनीकडे बोट दाखवलं. "बट टेप, नो टच."

खरंच, चिकटपट्टीला त्यांनी हात लावला नव्हता. रंगाचा एक थेंबही तिच्यावर नव्हता.

फोनमधून भाभींचा आवाज आला, "शैलाताई, बरं केलं ना? मी यांना म्हटलं, त्या बाई ते चित्र अमेरिकेला नेणार. तिकडची लोकं म्हणतील, हा माणूस काय उकिरड्यावर बसतो काय."

मी कपाळाला हात लावला. रूथबाई आपल्या स्टुलावर बसल्या. मान एकीकडे वळवून भिंतीकडे बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "इट इज व्हेरी व्हाइट, हमीद." मग उठून त्यांनी हमीदभाईंचे दोन्ही हात हातात घेतले, थँक यू म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, आज घरी सोडशील का.

पुढचे दहा-बारा दिवस त्यांचा पत्ता नाही. हमीदभाईंच्या लक्षात यायला एक दिवस लागला, आणि आल्यावर त्यांचं अन्नावरचं मन उडालं. "मी त्यांचं चित्र मारलं, शैलाताई," एवढंच घोकायचे. एकदा मी आत गेले तर हे चहाचा कप घेऊन भिंतीपाशी उभे. काय करताय म्हटलं तर म्हणाले, "डाग जमतो काय बघतो." मी कप काढून घेतला. म्हटलं, आता या भिंतीला बोट जरी लावलंत तर मीच नोकरी सोडते. घरी हे सगळं सांगितलं तर आमची केतकी लॅपटॉपमधून मानही वर न करता म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ वॉल. शी हॅज ऑलरेडी पेंटेड इट, नो?"

मलाही तेच वाटत होतं. मग रूथबाईंच्या मुलाचा फोन आला. आई ब्रशला हात लावत नाहीये, म्हणाला. सकाळी खिडकीपाशी बसते, एकेक डोळा झाकून खिडकीचे गज मोजते. काय करावं कळत नाही. मी त्याच शनिवारी डिस्कव्हरी गार्डन्स गाठलं. कॅनव्हास मुलगा मधेच कारखान्यातून घरी घेऊन आला होता. हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

मी सरळ म्हटलं, "भिंत तर चित्रात झालेली आहे. आता पुढे फक्त माणूस काढायचा. तो काय, कुठेही बसेल. जुना शर्ट धुऊन ठेवलाय."

"ते खोटं होईल," त्या म्हणाल्या. "त्या भिंतीपुढे बसणारा माणूस आता नाही, शैला. मी जे समोर नाही ते काढत नाही. आणि नव्यानं सगळं काढायला माझ्याकडे डोळा नाही."

मला राग आला, खरंच सांगते. एक माणूस तिकडे जेवत नाही आणि इथे ही बाई खरं-खोटं करत बसली आहे. मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं, त्यानं भिंत स्वच्छ केली? त्यानं भिंत नटवली. माझ्या आईचा एकच फोटो आहे लग्नाआधीचा. त्यात तिच्या मनगटावर घड्याळ आहे. ते शेजारणीचं. ते दिसावं म्हणून तिनं हात असा छातीवर वाकडा करून धरलाय, फोटोग्राफर नको म्हणत असताना. आमच्या घरात कोणी त्या घड्याळाला खोटं म्हणत नाही. तेव्हा ती तशीच होती, घड्याळ मागून आणणारी. आमच्याकडे पाहुणा येणार असला की पडदे धुतात. हमीदभाईंना गुडघे वाकवता येत नाहीत, आणि त्यांनी खाली बसून तुमच्या टेपच्या कडेकडेनं ब्रश फिरवलाय. सगळी सुट्टी त्यात घालवली. तुम्ही त्यांना चित्रासाठी बसायला सांगितलंत, ते त्यांना लग्नासारखं वाटलं."

मला वाटलं, झालं, आता हे गिऱ्हाईकही गेलं आणि मैत्रीही. मग रूथबाईंनी विचारलं, "घड्याळ चालू होतं का?"

"म्हणजे?"

"आईच्या हातातलं."

"बंद होतं," मी म्हटलं. "आई सांगते, किल्ली संपली होती."

त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. मग म्हणाल्या, "तो नवा शर्ट. त्याच्या छातीवरच्या घड्या. इस्त्री करायची नाही म्हणून सांग. सोमवारी मला स्टेशनवरून घे."

माझा जीव भांड्यात पडला. हमीदभाईंना गाडीतूनच फोन केला. पलीकडून नुसतं "अल्हम्दुलिल्ला" ऐकू आलं आणि मग नाक शिंकरल्याचा आवाज.

सोमवारी त्यांनी सगळ्यांदेखत ती जुनी भिंत कॅनव्हासवरून खरवडून काढली. मला ते बघवलं नाही. ते हत्यारांचे आकार, ते नंबर, तो तेलाचा डाग, आता ते ना कारखान्यात उरले, ना चित्रात. एवढा मोबाइल हातात असून मी आधी एक फोटोसुद्धा काढून ठेवला नव्हता, याची हळहळ मला अजून वाटते. पण त्यांनी मागे वळून बघितलं नाही. पांढऱ्यातून पांढरं काढायला सुरुवात केली. पांढरा रंग म्हणजे सोपा, असं मला वाटायचं. त्या पत्र्यावरून येणाऱ्या उजेडात आमची भिंत सकाळी नऊला निळसर, साडेनऊला जराशी गुलाबी आणि दहाला लोण्यासारखी दिसते, हे मला तेव्हा कळलं.

डोळा मात्र उतरत होता. जानेवारीत त्या कॅनव्हासच्या इतक्या जवळ जाऊन काम करायला लागल्या की नाकाला रंग लागायचा. मोठे ब्रश घेतले. आणि हमीदभाईंकडे बघणंच त्यांनी बंद केलं. म्हणजे तसं दिसायचं. सरळ बघितलं की चेहरा पुसला जायचा, म्हणून त्या वर, उजवीकडे, बाजूच्या भिंतीवर टांगलेल्या नमुन्याच्या पट्ट्यांकडे नजर लावायच्या, आणि डोळ्याच्या कडेनं चेहरा पकडायच्या. हे त्यांनी मला गाडीत सांगितलं होतं, हमीदभाईंना सांगू नको म्हणून. हमीदभाईंना मी नजर कमी झाली एवढंच सांगितलं होतं; त्यांना वाटायचं, मोतीबिंदूसारखं काहीतरी असेल. ते मला विचारायचे, "अजून रागावल्यात काय? माझ्याकडे बघत नाहीत. सारखं पट्ट्यांकडे बघतात. एखादी पट्टी आवडली असेल तर काढून ठेवू काय?"

फेब्रुवारीत एका सकाळी त्या काम करता करता थांबल्या. त्याच पट्ट्यांकडे नजर लावून म्हणाल्या, "शैला, त्याच्या डोक्यामागे काय आहे?"

मी जवळ जाऊन बघितलं. नव्या पांढऱ्या रंगातून, बरोबर जुन्या जागी, पिवळसर गोल वर आला होता. तेल ते, रंगाच्या दोन हातांखाली कुठे राहणार. हमीदभाई उठून बघायला गेले आणि शरमेनं लाल झाले. "सॉरी मॅडम, वन मोर कोट, टुमॉरो खलास—"

"नो," रूथबाई इतक्या जोरात म्हणाल्या की शेजारच्या गॅरेजमधला माणूस डोकावला. "हमीद, सिट."

तो दिवस मी विसरणार नाही. त्या इतक्या भराभर काम करत होत्या की मी फोन उचलणंही बंद केलं. डाग आला, त्याच्यापुढे चेहरा आला. मेंदी लावलेली दाढी, कानाच्या पाळीला मेंदीचा राहिलेला ठिपका, शर्टाच्या घड्या. असं तोंड की ज्यानं मोठं काम केलंय आणि आता कोणीतरी बरं म्हणेल याची वाट बघतंय. मी त्या माणसाबरोबर इतकी वर्षं काम केलं होतं. भांडले होते, डबा वाटून खाल्ला होता. तो चेहरा मी बघितला होता, पण असा कधी बघितला नव्हता.

मार्चच्या मध्यावर चित्र संपलं. फ्रेम हमीदभाईंनी केली. त्यांनी केलेली ती शेवटची फ्रेम. कारखान्याची अर्धी यंत्रं तोवर दुसऱ्या मालकाकडे गेली होती. बाईंच्या आवडीची अरुंद पट्टी, बिनपॉलिशची, पण अक्रोडाची. एवढी एक चैन त्यांनी स्वतःच्या मर्जीनं केली. कोपऱ्यांवर नुसत्या हातानं काचकागद फिरवत दोन दिवस बसले होते.

चित्र न्यायच्या दिवशी रूथबाई मुलाबरोबर आल्या. आता मुलाचा हात धरल्याशिवाय चालत नव्हत्या. आम्ही चित्र टेबलावर उभं केलं. हमीदभाई त्या दिवशीही तोच क्रीम शर्ट घालून आले होते, आता पुष्कळदा धुतलेला, घड्या गेलेल्या. ते चित्राच्या शेजारी उभे राहिले.

रूथबाई समोर आल्या. आधी सरळ बघितलं. मला माहीत होतं त्यांना काय दिसत असेल. मधे काही नाही, आणि चारी बाजूंनी अक्रोडाची पट्टी. फ्रेम कोणाच्या डोळ्यांत भरू नये म्हणणाऱ्या बाईंना आता तेवढंच स्पष्ट दिसत होतं. मी नजर वळवली.

मग त्यांनी मान जराशी उचलली आणि फ्रेमच्या वरच्या उजव्या कोपऱ्याकडे बघायला लागल्या. बघतच राहिल्या. एक मिनिट झालं असेल. पापणी हलत नव्हती.

हमीदभाईंची चुळबुळ सुरू झाली. त्यांनी त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "मॅडम, जॉइंट बराबर है," म्हणाले. "चारों कोना बराबर है. देख लो."

"मी कोपरा नाही बघत, हमीद," रूथबाई म्हणाल्या. नजर तिथेच. "मी तुला बघते आहे."

हमीदभाईंना इंग्रजी तेवढं कळत होतं. पण कळायला वेळ लागला. त्यांनी कोपऱ्याकडे बघितलं, मग बाईंच्या डोळ्यांकडे, मग माझ्याकडे. मी मान हलवली. सगळा हिवाळा ही बाई पट्ट्यांकडे बघत होती ती कशासाठी, हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटताना मला दिसलं. त्यांनी कोपऱ्यावरचा अंगठा काढून घेतला, शर्टाची कॉलर सरळ केली, दोन पावलं मागे जाऊन चिकटपट्टीच्या जुन्या खुणांवर पाय ठेवले, आणि बाईंचं बघून होईपर्यंत तिथे हलले नाहीत.